रिकाम्या मेणावरची फुंकर

चाचा, आले. ठिपके आले!

तुम्ही कापलेल्या स्लाइडवरच आले. मोठाल्या पेशींच्या बरोबर मधोमध, टिपकागदावर शाईचा थेंब पडावा तसे गर्द निळे. आणि भोवतीच्या बारक्या पेशी साफ कोऱ्या. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, परत लावले, परत काढले. वाटलं, माझ्याच पापणीचा केस दिसत असेल. स्लाइड सरकवली तर ठिपकेही सरकले. मग मात्र मी खुर्चीवरून उठलेच. सरांना हाक मारायला तोंड उघडलं आणि "चाचा!" असंच बाहेर आलं. सर पलीकडच्या टेबलावर होते. त्यांनी ते ऐकलं. आधी मला पाण्याची बाटली दिली, मग स्वतः डोळे लावून बसले. बराच वेळ बसले. शेवटी म्हणाले, "अश्विनी, हे खरं आहे."

तुम्हाला जाऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते.

आमच्या विभागाच्या वार्षिक अंकात तुमच्यावर चार शब्द लिही, असं सरांनी सांगितलं. मी तीनदा सुरुवात केली. जन्म, शिक्षण, नोकरी असं लिहून पाहिलं. पण जन्मतारीख तुम्हालाच ठाऊक नव्हती, आणि शिक्षण विचारलं की तुम्ही म्हणायचात, "नववी पास. दहावी जवळून पाह्यली." त्या रकान्यात काय लिहायचं ते मला कळेना. म्हणून सरळ तुम्हालाच लिहिते. तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक या ठिपक्यांची, ती सांगायची इतकी घाई झालीय की वाक्यं एकमेकांवर चढताहेत. दुसरी माझ्या एका अर्धवट उत्तराची. ती तुम्ही असताना सांगायला पाहिजे होती.

तुमची-माझी पहिली भेट तुम्हाला आठवत असेल. मी नांदेडहून सकाळची बस पकडून लातूरला पोचले होते, हातात सरांचं पत्र. बिलोलीजवळच्या गावातली मुलगी, वडलांचं पंक्चरचं दुकान, घरात मीच पहिली कॉलेजात गेलेली. पॅथॉलॉजी लॅबच्या जिन्यात दोनदा उभी राहून मी वाक्य पाठ केलं होतं: 'मॅडम, मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, ईबीव्ही या विषाणूवर प्रकल्प करतेय.' पण लॅबच्या डॉक्टर मॅडम आत रिपोर्ट लिहीत होत्या आणि दारात तुम्ही होतात. पाठ केलेलं सगळं मी तुम्हालाच म्हणून टाकलं.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "जेवली का?"

मग तुम्ही मला तुमची खोली दाखवलीत. भिंतभर लोखंडी कपाटं आणि त्यांत खणाखणांत मेणाचे ठोकळे. ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमध्ये कुणाच्या तरी अंगातून काढलेला मांसाचा बारका तुकडा, मेणात कायमचा बसवलेला. त्यावर नाव नाही, फक्त नंबर. मानेतल्या गाठींच्या कर्करोगाचे, म्हणजे लिम्फोमाचे काही जुने ब्लॉक मला तपासायचे होते. समितीची परवानगी मॅडमनी काढून ठेवली होती. तुम्ही पहिला ब्लॉक हातात दिलात तो दोन्ही हातांनी. म्हणालात, "नंबरच आहे, नाव विचारायचं न्हाई. पण कुणाच्या तरी मानेतलं आहे, बेटा. इज्जतीनं काप."

आणि मला कापताच येईना! मायक्रोटोमचं चाक फिरवलं की ब्लॉक पात्यावर घासून खाली येतो आणि मेणाची केसाहून पातळ चकती निघते, चकतीला चकती चिकटून फीत होते, असं पुस्तकात होतं. माझ्या पात्यावरून नुसता भुगा पडत होता. तुम्ही मला बाजूला केलंत. ब्लॉकच्या अगदी जवळ तोंड नेऊन, चष्म्याची काच पुसताना करतो तशी एक गरम फुंकर मारलीत, हाऽऽ, आणि चाक फिरवलंत. फीत आली. सळसळत, न तुटता, एखाद्या बाळाच्या रिबिनीसारखी. ब्रशच्या टोकावर उचलून तुम्ही ती कोमट पाण्यावर सोडलीत आणि तिच्यावरची प्रत्येक सुरकुती आपोआप उलगडली.

"मेणाला बी थंडी वाजते," तुम्ही म्हणालात. "जरा ऊब दिली की मऊ येतं."

तुमचे अब्बा अहमदपुरात रफूगार होते. शेरवानीला पडलेलं भोक ते असं बुजवायचे की मालकालाही जागा सापडायची नाही. ते धागा ओठांनी ओला करायचे, तुम्ही ब्लॉकवर फुंकर मारायचात. लातूरच्या त्या लॅबमध्ये तुमच्या हाताखाली जितकी पोरं शिकली, त्या सगळ्यांना तुम्ही पहिली शिकवलीत ती फुंकर.

परतताना आपली बस एकच असायची. तुम्ही अहमदपूरला उतरायचात, मी पुढं नांदेडला. लातूर सोडलं की तुम्ही विचारायचात, "बोल सायन्सवाली. तुझा पाहुणा काय म्हणून राहिला?" पाहुणा म्हणजे ईबीव्ही. मी सांगितलं होतं की हा हर्पीस कुळातला विषाणू, कांजिण्या आणि नागीण ज्याच्यामुळे होतात त्याचा भाऊबंद.

"नागिणीच्या खानदानातला?" तुम्ही खिडकीकडं सरकून बसलात. "मंग जहरी असंल."

"जहरी नाही चाचा, तीच तर गंमत. जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या अंगात असतो. एकदा शिरला की जन्मभर राहतो. गुपचूप. पण काही थोड्या माणसांत त्याच्यामुळं कर्करोग होतो. या गाठींचा, काहींना नाकाच्या मागचा, काहींना पोटाचा."

"प्रत्येकाच्या अंगात?"

"हाव."

"माझ्या बी?"

"तुमच्या, माझ्या, या कंडक्टरच्या."

शिरूरला बरीच मंडळी चढली होती. त्या सगळ्यांकडं तुम्ही एकदा नजर फिरवलीत आणि मला म्हणालात, "मंग हे बराबर नाही बेटा. लग्नाच्या मांडवातनं चप्पल गेली, तर जेवायला आलेल्या सगळ्या गावाला चोर म्हणशील का?"

पुस्तकातली चार कारणं होती, पण तुमच्या चपलेपुढं ती टिकेनात. लोहा यायच्या आत मला सुचलं, पण तुम्ही तोवर उतरून गेला होतात. पुढच्या खेपेला बसल्या बसल्या मी सांगितलं, "चाचा, पण एखादा तीच चप्पल पायात घातलेला सापडला तर?"

"हां!" तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "मंग घातलेली दाखव. पेशीच्या घरात शिरून बसलेला दाखव. मांडवात होता हे नको सांगू."

तो आपला करार झाला. तेव्हापासून मला सर विचारोत, परीक्षक विचारोत, मनातल्या मनात मी उत्तर तुम्हालाच देत होते.

मग तो पहिल्या निकालाचा दिवस आला. तुम्ही कापलेल्या फिती मी छोट्या नळ्यांत भरून नांदेडला नेल्या होत्या, त्यातला डीएनए काढून पीसीआर लावला होता, म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या लाखो प्रती काढणारी चाचणी. अतिनील दिव्याखाली जेल ठेवलं, म्हणजे जेलीची पातळ वडी, जिच्यात विषाणूचा डीएनए पट्टीसारखा चमकतो, आणि, चाचा, प्रत्येक नमुन्याच्या रांगेत पट्टी चमकत होती! प्रत्येक. मी तिथूनच बाबांना फोन लावला. त्यांना काही समजलं नाही, पण ते टायर सोडून दुकानाबाहेर आले आणि शेजारच्याला ओरडून म्हणाले, "पोरीला रोग सापडला!" शेजारचा घाबरून पाणी घेऊन धावत आला, हे मला नंतर कळलं.

सरांनी फोटो पाहिला आणि एकच प्रश्न विचारला. "हर्नियाच्या पिशवीतही सापडला?"

तुलनेसाठी म्हणून मी काही साधे ब्लॉक घेतले होते, कर्करोग नसलेले. एक हर्नियाचा, एक पित्ताशयाचा. त्यांच्यातही पट्टी तेवढीच ठळक होती. म्हणजे माझं यश सगळं खोटं होतं. कुठून तरी बाहेरून विषाणूचा डीएनए आत आला होता. रसायनं साफ होती, नुसत्या पाण्याची रांग कोरी होती. मग कुठून? मी वहीतली एकेक पायरी मागं मागं जात राहिले आणि मायक्रोटोमपाशी येऊन थांबले. हा विषाणू माणसाच्या लाळेत असतो. आणि गरम फुंकरीबरोबर बारीक तुषार येतातच.

पुढचं लिहिताना अजून कान तापतात. दुसऱ्या दिवशी मी लातूरला आले ती तणतणतच. खोलीत मॅडम होत्या, शिकायला आलेल्या दोन मुली होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "मॅडम, सगळे नमुने वाया गेले. चाचांच्या तोंडामुळं."

तोंडामुळं. हाच शब्द वापरला मी. तुमच्या वयाच्या माणसाला, जिथं तुम्ही सगळ्यांना हात धरून शिकवलंत त्याच खोलीत.

तुम्ही पातं काढून पुसत होतात. पुसून परत बसवलंत. "अच्छा," एवढंच म्हणालात. त्या दिवशी बसमध्ये तुम्ही पुढच्या सीटवर बसलात.

पुढच्या आठवड्यात मी जिन्यातच तुम्हाला धडकले. मला वाटलं तुम्ही बोलणार नाही. तर तुमचे डोळे लकाकत होते, हातात मेणाचे तीन ठोकळे. पांढरे, स्वच्छ, आत काहीच नसलेले.

"हे काय, चाचा?"

"रिकामे. आत ना मांस, ना बिमारी. नुसतं मेण." खोलीत नेऊन, मॅडमसमोरच, तुम्ही ते एकेक करून टेबलावर मांडलेत. "तू म्हणतेस माझ्या फुंकरीतनं आला. ठीक. एक बिगर फुंकरीचा कापतो. एक माझ्या फुंकरीचा. मंग बघू माझं तोंड खरं का झूट."

माझ्या आख्ख्या वर्गात हे कुणाला सुचलं नव्हतं. मला तर नाहीच.

"आणि तिसरा?"

"तिसऱ्यावर तू फुंकर मार. सगळ्यांच्यात असतो म्हणून राहिली ना? मंग एकट्या खाजाचंच तोंड का बदनाम!"

मॅडम हसू दाबत बाहेर निघून गेल्या. आपण प्रत्येक ब्लॉकला नवं पातं लावलं, नवे हातमोजे घातले, मध्ये सगळं स्पिरिटनं पुसलं. माझी फुंकर आधी नीट येईना, तुम्ही म्हणालात, "मेणबत्ती इझवून राहिली का? हाऽऽ कर, हाऽऽ." मी केलं. मेणावर क्षणभर धुकं आलं आणि गेलं.

नांदेडला जेल लावलं. दिवा लावला. पहिली रांग कोरी. दुसरी चमकतेय. तिसरी दुसरीपेक्षाही जास्त चमकतेय!

मी फोटो पाठवला आणि लगेच तुमचा फोन आला. फोनमध्ये तुम्ही आधी नुसतेच हसत होतात. मग म्हणालात, "तुझा पाहुणा माझ्या पाहुण्याहून तगडा निघाला की!" पलीकडं चाचींचा आवाज आला, क्या हुआ, कौन पास हुआ. तुम्ही म्हणालात, "हम दोनो."

चाचा, माझ्या अख्ख्या शिक्षणात मला इतका आनंद कधी झाला नव्हता. प्रयोग फसला होता, सगळं पुन्हा करायचं होतं, तरी मी व्हरांड्यात एकटीच गिरकी मारली. कारण आता मला माहीत होतं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, मांडून, करून, डोळ्यांनी पाहून माहीत होतं. हे माहीत करून घेणं काय असतं, ते मला एका नववी पास माणसानं दाखवलं होतं. माफी मागायची राहिलीय, हे त्या आनंदात मी विसरूनच गेले. तुम्ही हसलात म्हणजे मिटलं, असं मी धरून चालले.

आता ते दुसरं. त्याच आठवड्यातली बस. मी मांडीवर फोन घेऊन जेलचा फोटो मोठा करून करून बघत होते. तुम्ही विचारलंत, "बेटा, हा लहान लेकरात बी असतो का?"

मी मान वर न करता म्हणाले, "नाही चाचा. जन्मताना नसतो. मोठ्यांच्या लाळेतून लागतो."

"अच्छा," तुम्ही म्हणालात.

बस अहमदपूरच्या स्टँडात वळत होती. तुम्ही पिशवी उचललीत आणि उतरलात. माझं वाक्य अजून संपलं नव्हतं, चाचा. पुढचं निम्मं राहिलं होतं. पण मला ते निम्मं आहे हेच कळलं नाही, कारण माझं लक्ष पट्ट्यांकडं होतं.

त्यानंतर तुम्ही फुंकर सोडलीत. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात! मास्क बांधून तुम्ही मशीनवर बसायचात, मुली म्हणायच्या, "चाचा, नव्या नवरीसारखं तोंड झाकून कुठं निघाले?" तुम्ही म्हणायचात, "सासरी." फुंकरीच्या दमटपणाऐवजी बर्फाच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा ब्लॉकवर टेकवायचात, थांबायचात, मग चाक. पहिल्या दिवशी फीत तुटत होती. चौथ्या दिवशी तिला ऊब दिली होती का गारवा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सरांनी ठरवलं होतं की आता पीसीआरवर विसंबायचं नाही. पीसीआर फक्त सांगतो, विषाणू नळीत कुठंतरी आहे. मांडवात आहे. आपल्याला तो पेशीच्या घरात बघायचा होता. त्यासाठी एक वेगळी पद्धत आहे. ईबीव्ही ज्या पेशीत दडून बसतो, तिथं तो एका बारक्या आरएनएच्या हजारो लाखो प्रती काढून ठेवतो, आणि त्या जुन्या ब्लॉकमध्येही टिकतात. त्यांनाच जाऊन चिकटेल असा रंगाचा धागा स्लाइडवर सोडायचा. विषाणू त्या पेशीत असेल तर तीच पेशी निळी होणार, शेजारची नाही. कुणाचा श्वास वरून पडला तरी पेशीच्या आत शिरून रंग देणार नाही. हे मी बसमध्ये सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणजे चप्पल पायातच दिसंल." मी म्हणाले, "पायातच."

एका शनिवारी तुम्ही सगळ्या स्लाइड कापून दिल्यात. प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलीनं बारीक नंबर. डबा माझ्या हातात देताना म्हणालात, "ठिपका आला तर आधी मला सांगायचं. सरांना मंग." मी हो म्हणाले. त्या रंगाच्या तपासणीचं किट यायला उशीर झाला. मी रोज विचारायचे, आलं का. तुम्हीही रोज फोनवर, आलं का. मग एका सकाळी मॅडमचा फोन आला. मला वाटलं, त्यांनीही तेच विचारायला केलाय. त्या म्हणाल्या, "अश्विनी, खाजाभाई गेले."

दुसऱ्या सोमवारी किट आलं. डबा उघडला तेव्हा तुमचे पेन्सिलीतले नंबर बघून मला सुरुवातच करवेना. मग मीच मला म्हणाले, इज्जतीनं कर. आणि केलं. आणि आले, चाचा! सगळ्यांत नाही. काही ब्लॉकमध्ये आले, काहींत नाही. हर्नियाची पिशवी कोरी. पित्ताशय कोरं. तेच तर खरं असल्याचं लक्षण. जिथं आले तिथं फक्त त्या मोठ्या, वेड्यावाकड्या पेशींतच आले, ज्यांच्यामुळं तो कर्करोग ओळखतात. चप्पल पायात घालून बसला होता.

तुम्ही तरीही मान्य केलं नसतं, मला माहीत आहे. म्हणाला असतात, "त्याच्या पायात आहे खरी, पण कुणी घालून दिली असंल तर?" आणि तुमचं बरोबर असतं. तो आत आहे हे दिसलं. पण लाखो माणसांत गुपचूप बसलेला हा याच माणसात, याच गाठीत का उठला, ते या स्लाइडवर लिहिलेलं नाही. अंगाची पहारेदारी कुठं सैल पडते, पेशीत अजून काय काय बिघडतं, यावर जगभर माणसं काम करताहेत आणि पूर्ण उत्तर कुणाकडंही नाही. पूर्वी असं वाचलं की मला वाटायचं, मग आपण काय करणार. आता वाटतं, चला! अजून केवढं शिल्लक आहे!

वचन मोडलं होतं. ठिपके आधी सरांना दाखवले होते. म्हणून फोटो फोनमध्ये घेऊन मी अहमदपूरला उतरले. त्या स्टँडात मी कधीच उतरले नव्हते. फक्त तुम्हाला उतरताना बघितलं होतं.

चाची इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाहीत, आतल्या खोलीत बसतात. मला त्यांनी शेजारी बसवून घेतलं. मी फोटो दाखवला, इथं बघा, हे निळं, हे चाचांच्या हातचं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "कित्ता बारीक काम," म्हणाल्या. "रफूच की." तेवढ्यात तुमची नात, नाजिया, शाळेच्या गणवेशातच येऊन त्यांच्या मांडीवर पडली आणि फोटोत बोट घालायला लागली. चाचींनी तिला जरा दूर ओढलं. मग माझ्याकडं बघत सहज म्हणाल्या, "बेटी, तू बताई थी ना उनको, फूंक में बीमारी रहती बोलके?"

मी त्यांच्या हातातून फोन घेऊन खाली ठेवला.

चाची सांगत गेल्या. तुम्ही रोज सकाळी बसला निघण्याआधी दुआ म्हणून नाजियाच्या कपाळावर फुंकायचात. ती जन्मल्यापासून. तुमची अम्मी तुमच्यावर फुंकायची तसंच. एक दिवस लातूरहून आलात आणि दुसऱ्या सकाळपासून दुआ म्हणायचात आणि तोंड भिंतीकडं वळवून फुंकायचात. चाचींनाही मनाई केलीत. कारण विचारलं तर म्हणालात, "पढी-लिखी लडकी है. झूट नहीं बोलती."

"दादा दीवार को फूंकते थे," नाजिया म्हणाली. "मेरे को नहीं."

मी ज्या बसमध्ये मान वर केली नाही, त्या बसचा हिशेब माझ्यापुढं असा उभा राहिला. मी तुमचं तोंड बदनाम केलं तेव्हा तुम्ही तीन ठोकळे घेऊन भांडायला आलात. पण नातीचा प्रश्न आला तिथं तुम्ही प्रयोग केला नाहीत, चाचा. माझा शब्द तसाच्या तसा घेतलात. आणि तो अर्धाच होता.

उरलेलं निम्मं मी चाचींना सांगितलं. अडखळत, मराठीत थोडं, मोडक्या दखनीत थोडं. की हा विषाणू लेकरांना लागायचाच असतो. आजोबांच्या फुंकरीतून नाही तर आईच्या उष्ट्या घासातून, मैत्रिणीच्या पाण्याच्या बाटलीतून. लहानपणी लागला तर बहुतेकांना कळतसुद्धा नाही, आणि मग तो जन्मभर मुकाट पडून राहतो, चाचांच्यात होता तसा, माझ्यात आहे तसा. कर्करोग फार थोड्यांना होतो, त्याला दुसरं बरंच काही बिघडावं लागतं. फुंकर थांबवून तो थांबत नाही. फुंकरीनं फक्त माझ्या नळ्या खराब होत होत्या, चाची. नळ्याच. पोरगी नाही.

मला वाटलं, आता चाची मला जा म्हणतील आणि ते बरोबरच असेल. मी म्हणाले, "चुकलं माझं." तुम्हाला म्हणायचे राहिलेले शब्द ते, तुमच्या घरी येऊन म्हटले.

"पूछना था उनो बी," चाची म्हणाल्या. "इतनी बातां करते थे बस में." त्यांनी डोळे पुसले, नाजियाला जवळ ओढलं, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि तिच्या कपाळावर फुंकलं. पोरीनं डोळे गच्च मिटून घेतले होते. तसेच मिटून ती माझ्याकडं वळली.

"अब तुम."

"मला दुआ येत नाही गं."

"तो दुआ नक्को, खाली फूंको."

मी चाचींकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी वाकले आणि फुंकले. तिनं एक डोळा उघडून माझ्याकडं नाराजीनं बघितलं.

"ठंडी है," ती म्हणाली. "दादा की गरम रहती थी."

मग माझ्या लक्षात आलं, चाचा. मी पुन्हा मेणबत्ती विझवत होते. मी तिच्या कपाळाच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि तुम्ही शिकवलीत तशी, चष्म्याच्या काचेवर मारतात तशी, मेणाला थंडी वाजते तेव्हा तुम्ही मारायचात तशी, हाऽऽ केलं.

"हां," ती म्हणाली. "ऐसी."